सहा तारा आणि अनामिक हात

ज्या नाशकात पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापिला आणि जेथे १९२१ साली दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा जन्म झाला, त्या नाशकात बसून गिटार ह्या परदेशी वाद्याविषयी आस्थेने बोलावे, हे काही श्रोत्यांना कदाचित चमत्कारिक वाटेल. गोदाकाठच्या घरांत कीर्तनाचा, भजनाचा आणि ख्यालगायनाचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या घरांतील मुले आज खांद्याला गिटार अडकवून शिकवणीला जातात आणि वडीलमंडळी हे दृश्य कधी कौतुकाने, कधी किंचित खंतीने पाहातात. हे वाद्य आपल्याकडे आले कसे, येथे रुजले कसे, आणि ज्यांच्या हातांनी ते रुजविले त्यांची नावे आपणांस का ठाऊक नाहीत, ह्या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. ओघाने माझ्या आवडत्या काही वादकांचाही परिचय होईल. आवड ही तर्काने सिद्ध करावयाची वस्तू नव्हे हे खरे. परंतु आवडीलाही कारणे असतात, आणि ती सांगता आली पाहिजेत.

प्रथम नावाविषयी. सतार आणि गिटार ह्या दोन शब्दांतील नादसाम्यामुळे पुष्कळांना ती सख्खी भावंडे वाटतात. सतार हा शब्द ‘सेह-तार’, म्हणजे तीन तारा, ह्या फारसी शब्दापासून आला. गिटारचे मूळ मात्र ग्रीक ‘किथारा’ ह्या शब्दाकडे नेले जाते. अरबांच्या तोंडून तो स्पेनमध्ये गेला आणि तेथून युरोपभर पसरला. प्रारंभी तिला आतड्याच्या जोडतारा असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची पद्धत रूढ होऊ लागली. पुढे स्पेनमधील आल्मेरिया गावच्या आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) ह्या कारागिराने तिचा देह रुंद केला, पोटात पंख्याच्या काड्यांप्रमाणे आधारपट्ट्या बसविल्या आणि तिला आजचे रूप दिले. फ्रान्सिस्को तारेगा ह्याने तिच्यासाठी वादनपद्धती घडविली, आणि आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) ह्याने तिला खानावळीतून उचलून मोठ्या संगीतगृहाच्या व्यासपीठावर बसविले. आपल्याकडे विष्णु दिगंबरांनी गाण्याला बैठकीतून बाहेर काढून सभ्य समाजात मानाचे स्थान मिळवून दिले. सेगोवियाचे कार्य बरेचसे त्याच जातीचे होते.

गिटारच्या कुळातील वाद्ये आपल्या किनाऱ्यास लागली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या छायेत स्वरलेखन शिकविणाऱ्या शाळा चालत आल्या. त्या शाळांतून निघालेला मुलगा शेतकऱ्याचा असो वा भाटकाराचा, त्याला कागदावरचे सूर वाचता येत. व्हायोलिन हे त्याचे मुख्य वाद्य. पण घरी मांडो गाताना घुमटाच्या जोडीला गिटारही सामील होई. पुढे पोटासाठी ही माणसे मुंबईस, पुण्यास, संस्थानिकांच्या दरबारी आणि पलटणींच्या बँडमध्ये गेली. मुंबईच्या संगीताच्या इतिहासात ह्या स्थलांतराचे महत्त्व फार मोठे आहे, हे पुढे दिसून येईल.

परंतु आपल्या रागसंगीतात गिटारला प्रवेश मिळण्यात एक मोठी अडचण होती. तिच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या कायमच्या बसविलेल्या असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे ज्याला आपण मींड म्हणतो ते, तीवर सहजसाध्य नसते. ह्याच दोषास्तव १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपले दार बंद केले होते. पेटीचे स्वर जागच्या जागी खिळलेले, त्यांत श्रुतींची लवचीकता नाही, असा आक्षेप होता, आणि तो बहिष्कार तीस वर्षांच्या आसपास टिकला. ज्या न्यायाने पेटी बाहेर राहिली त्याच न्यायाने गिटारही बाहेर राहावयास हवी होती. ती आत आली, ह्याचे श्रेय प्रशांत महासागरातील हवाई बेटांकडे जाते.

हवाईमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंडाचा तुकडा फिरविला, आणि खिळलेले स्वर एकाएकी वाहू लागले. ह्या शोधाचा मान कोणाचा, ह्याविषयी वाद आहे. काही जुन्या वृत्तांतांत गॅब्रिएल डेव्हियन ह्या, हिंदुस्थानात जन्मून हवाईस पोहोचलेल्या तरुणाचे नाव घेतले जाते. हा दावा दंतकथेच्या जवळ जाणारा असल्याने त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे. तथापि, तारेवरून गुळगुळीत वस्तू फिरवून स्वर काढण्याची कल्पना आपल्या विचित्रवीणेत आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यात आधीपासून होती, एवढे निश्चित. १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाई वादकांनी अमेरिकेला वेड लावले. तेथून ही लाट जगभर पसरली आणि हिंदुस्थानातही आली. सामोआत जन्मलेला टाऊ मो (१९०८–२००४) हा वादक आपल्या कुटुंबासह देशोदेशी फिरत असता १९४० नंतरची काही वर्षे कलकत्त्यात राहिला, आणि त्याच्यामुळे बंगालमध्ये ह्या वाद्याचा चांगलाच प्रसार झाला. चित्रपटगीतांच्या चाली आडव्या गिटारवर वाजविलेल्या तबकड्या तेव्हापासून घरोघरी वाजू लागल्या. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ले आणि त्यांच्या बरोबरीचे हजारा सिंग ही नावे ग्रामोफोन बाळगणाऱ्या कुटुंबांस परिचित होती.

ह्या वाद्यावर संपूर्ण राग मांडण्याचे धाडस मात्र जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) ह्यांनी केले. उस्ताद अली अकबर खाँ ह्यांच्याकडे त्यांनी सरोदाच्या अंगाची तालीम घेतली आणि ती हवाई गिटारवर उतरविली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्या साथीने त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका काश्मीरच्या एका दिवसाचे चित्र रागांच्या क्रमाने रंगविते. संतूर, बासरी आणि गिटार ही तिन्ही वाद्ये त्यापूर्वी मैफलीत दुय्यम मानली जात. त्या एका तबकडीने तिघींचे भाग्य उजळले. काब्रांचे आलाप ऐकताना वाद्य कोठचे हा प्रश्नच मनात उरत नाही. पुढे विश्वमोहन भट्ट ह्यांनी गिटारला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली, आणि अमेरिकन वादक राय कूडर ह्याच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले.

आता अमेरिकेकडे वळावयाचे, पण त्यासाठी नाशिकहून निघणे सोयीचे आहे. शरणपूर रस्ता ही आज नाशकातील रहदारीची जागा. जेथून त्याला हे नाव मिळाले, त्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत गेल्या शतकापूर्वीच्या शतकात आफ्रिकन मुलांचा एक आश्रम होता. अरबी समुद्रातील गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेल्या मुलांपैकी काहींस येथे आणून लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवीत. आफ्रिकेच्या इतिहासात ही मुले ‘नासिक बॉइज’ ह्या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावल्यावर त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीसही तो उपस्थित होता.

गुलामगिरीच्या ह्या महापातकाची एक शाखा पूर्वेकडे आली, तिचा एक तंतू नाशिकपर्यंत पोहोचला. दुसरी, कितीतरी प्रचंड शाखा पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेस गेली. तेथील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या लोकांच्या वंशजांनी आपल्या दुःखाला जे गाणे दिले ते ब्लूज. ह्या संगीतात गांधार आणि निषाद हे स्वर नेमक्या जागी न बसता थोडे खाली झुकलेले, डोलणारे असतात. आपल्या कानाला ते परके वाटत नाहीत, कारण श्रुतींचे मर्म आपल्याला बालपणापासून ऐकून ठाऊक असते. हे डोलणारे स्वर काढण्यासाठी ब्लूजचे वादक बाटलीची मान किंवा चाकूचे पाते तारांवरून फिरवीत. म्हणजे मींडेची भूक हवाई बेटांत, मिसिसिपीच्या काठी आणि जोधपुरात एकच होती.

ह्या परंपरेतील रॉबर्ट जॉन्सन (१९११–१९३८) हा माझ्या आवडीच्या यादीत वर आहे. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमधील दोन शहरांत त्याने एकंदर २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. त्याची एकटी गिटार एकाच वेळी खर्जातील ठेका, मधली साथ आणि वरची सुरावट सांभाळते. प्रथम ऐकणाऱ्यास दोन वादक आहेत असाच भास होतो. त्याचे थडगे नेमके कोठे आहे ह्याविषयीही एकमत नाही. तीन ठिकाणी स्मारकशिळा उभ्या आहेत.

दुसरे नाव एलिझाबेथ कॉटन ह्या बाईंचे. नॉर्थ कॅरोलिनातील ही कृष्णवर्णीय मुलगी डावखुरी होती. गिटार उजव्या हाताची; तिने तारा न बदलता वाद्यच उलटे धरले. त्यामुळे अंगठ्याकडे सुरावट आणि बोटांकडे खर्ज अशी उलटी वाटणी झाली, आणि त्यातून एक निराळीच वादनशैली जन्मास आली. लहानपणीच तिने मालगाडीवरचे एक गाणे रचले. लग्न झाले, मूल झाले, घरकामाला लागली आणि वाद्य सुटले. कित्येक वर्षांनी वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात एक मुलगी हरवली. तिला आईपाशी पोहोचविण्याचे निमित्त होऊन बाईंना सीगर ह्या संगीतज्ञ कुटुंबात मोलकरणीचे काम मिळाले. तेथे भिंतीवर टांगलेली गिटार त्यांनी सहज काढून वाजविली, आणि घरातली माणसे थक्क झाली. १९५८ साली, साठी उलटल्यावर, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९८५ साली, नव्वदी गाठल्यावर, त्यांना ग्रॅमी मिळाले. दरम्यान त्यांचे बालपणीचे गाणे इंग्लंडात भलत्याच माणसांच्या नावावर नोंदविले गेले होते. ते परत स्वतःच्या नावावर येण्यासाठी खटपट करावी लागली. जिच्या हातांनी भांडी घासली तिच्याच हातांनी हे गाणे घडविले, ही गोष्ट जगाला उशिरा मान्य झाली.

जॅझमध्ये माझे मन प्रथम जाते ते जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) ह्याच्याकडे. बेल्जियममध्ये जन्मलेला हा भटक्या जमातीचा वादक. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने सगळी दांडी नव्याने पादाक्रांत केली, आणि १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली ह्याच्यासह पॅरिसमध्ये केवळ तंतुवाद्यांचा जॅझ संघ उभारला. अमेरिकेत चार्ली क्रिश्चन ह्याने १९३९ साली बेनी गुडमन ह्याच्या संघात विजेची गिटार हाती घेतली. तोवर गिटार मोठ्या वाद्यवृंदात केवळ ताल धरून बसे, कारण कर्ण्यांपुढे तिचा आवाज टिकत नसे. क्रिश्चनने तिला सॅक्सोफोनप्रमाणे एकटीने बोलावयास लाविले. क्षयाने तो १९४२ साली, पंचविसाव्या वर्षी, गेला; इतक्या अल्प अवधीत एखाद्या वाद्याचे स्थान इतके बदलल्याचे उदाहरण विरळा. आणि इंडियानापोलिसचा वेस माँटगोमरी (१९२३–१९६८) दिवसा कारखान्यात काम करी, रात्री सराव करी. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो नखीऐवजी अंगठ्याने वाजवू लागला, असे सांगतात; तो मऊ, गोल आवाज हीच त्याची ओळख ठरली.

मुंबईत जॅझ आला तो १९३५ च्या सुमारास, ताजमहाल हॉटेलात वाजविणाऱ्या लिऑन ॲबी ह्याच्या कृष्णवर्णीय अमेरिकन संघाबरोबर. त्याच्या आणि नंतर आलेल्यांच्या हाताखाली गोव्याचे वादक तयार झाले. ह्याच मुंबईत, १९३६ साली, गोमंतकीय कुटुंबात अमान्सिओ डिसिल्वा ह्यांचा जन्म झाला. त्यांनी जॅझच्या गिटारमध्ये आपल्याकडील रागांची वळणे अशी मुरविली की, दोहोंचा सांधा दिसू नये. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांना उत्तम गिटार घेऊन दिली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९६७ च्या सुमारास ते लंडनला गेले. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्याच्यासह ‘हम दोनो’ अशा दोन ध्वनिमुद्रिका त्यांनी केल्या. १९७२ साली आणखी एक केली. तिचे नाव ‘कोकण डान्स’. आपल्या किनाऱ्याचे नाव मिरविणारी ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्धच झाली नाही. ती बाहेर आली २००६ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी; आणि डिसिल्वा १९९६ सालीच निवर्तले होते. रॉबर्ट जॉन्सनचे नाव घेणारे शेकडो तरुण आपल्या शहरांत भेटतील. अमान्सिओ डिसिल्वा हे नाव ऐकलेले किती भेटतील, ह्याची शंका वाटते.

रॉक संगीताविषयी घरातील ज्येष्ठांचा आक्षेप मुख्यतः गोंगाटाचा असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण विजेने गिटारला केवळ मोठा आवाज दिला नाही. लांबत जाणारा स्वर दिला. तार छेडली की नाद विझू लागतो, ही तंतुवाद्याची जन्मजात उणीव. जिमी हेंड्रिक्स (१९४२–१९७०) ह्याने ध्वनिवर्धकाच्या समोर उभे राहून तोच नाद पुन्हा तारेत परतवून स्वर हवा तितका वेळ जिवंत ठेविला, आणि तो श्वासाप्रमाणे वळविला. त्याच्या आधी चर्चची भक्तिगीते विजेच्या गिटारवर गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) ह्यांनी ही वाट मळवून दिली होती, हे विसरता कामा नये. ह्या मंडळींचे मुंबईशीही नाते जडले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन ह्याने १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या स्टुडिओत आपल्या वादकांसह ध्वनिमुद्रण केले. १९७२ साली लेड झेपेलिनचा जिमी पेज ह्याने येथील चित्रपटवादकांबरोबर प्रयोग केले. इंग्रज वादक जॉन मॅक्लॉफ्लिन तर त्याहून पुढे गेला. झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम ह्यांच्यासह ‘शक्ती’ संघात वाजविताना त्याने गिटारच्या पट्ट्यांमधील लाकूड कोरून घेतले, जेणेकरून तार वीणेप्रमाणे दाबून खेचता यावी. मींडेसाठी परदेशी वादकाने आपल्या वाद्याचे अंग तासून घ्यावे, ह्याहून मोठी दाद कोणती?

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. नाशकाहून गोदावरी पूर्वेस वाहात जाते, तिच्या काठी पुणतांबे गाव आहे. तेथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, ह्यांचा जन्म झाला. त्यांचे संगीतशिक्षण विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन ह्यांच्या हाताखाली झाले. तरी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटांत गिटार, सॅक्सोफोन, बोंगो ह्यांना त्यांनी असे खेळविले की, सगळा देश डोलू लागला. ह्या कामात चिक चॉकलेट आदी गोमंतकीय वादकांची त्यांना मोठी साथ होती. हॉटेलांतील कामे कमी होत गेली तसतसे गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. संगीतकाराने चाल सांगावी, गोमंतकीय संयोजकाने ती कागदावर उतरवून पन्नास वादकांना वाटून द्यावी, अशी रीत पडली. पुढे ‘तीसरी मंझिल’ (१९६६) मधील विजेची गिटार दिलीप नाईक ह्यांनी वाजविली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) आणि ‘यादों की बारात’ (१९७३) ह्यांतील गाजलेल्या गाण्यांच्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग ह्यांची. पुढे गायक म्हणून प्रसिद्ध झालेले तेच हे भूपिंदर.

त्या गाण्यांच्या पहिल्या चार-पाच स्वरांवरून लहान मूलदेखील गाणे ओळखते. मात्र तबकडीवर त्या हातांचे नाव नसे. गायकांचीही प्रारंभी हीच अवस्था होती: ‘महल’ (१९४९) मधील प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर लता मंगेशकरांऐवजी चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव छापले होते. गायकांना पुढे न्याय मिळाला. वादक मागेच राहिले. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांचे नाव देशभर गाजले ते १९७७ साली एका विनोदी पात्राला दिले गेले म्हणून. ते प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन ह्यांचे गुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक झाले. कायद्याने कलावंताचा हक्क मानला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि सादरकर्त्यास आपले नाव सांगितले जाण्याचा नैतिक हक्क दिला तो २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर ज्यांनी सोन्याच्या काळातील गाणी वाजविली त्यांपैकी कित्येक जग सोडून गेले होते.

विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे वाजवणे ही प्रतिष्ठेची विद्या असून ती जाणणारा माणूस मानास पात्र आहे, हा विचार त्यामागे होता. त्या विचाराचे वारसदार म्हणून आपण ख्यालगायकाचे नाव आदराने घेतो. तोच विचार थोडा पुढे नेला तर खुर्चीच्या मागच्या रांगेत बसून, रोजाच्या मजुरीवर, दुसऱ्याच्या गाण्याला प्राण देणारा गिटारवादकही त्या मानाचा धनी ठरतो. आपल्या मुलांनी हेंड्रिक्स आणि जँगो अवश्य ऐकावे; कोणाचाही उत्तम सूर परका मानू नये. परंतु त्याच वेळी दिलीप नाईक, ब्रिजभूषण काब्रा आणि अमान्सिओ डिसिल्वा ही नावेही त्यांच्या ओठी असावीत. घरात जुने गाणे लागले की, हे कोणी गायिले ह्याबरोबर हे कोणी वाजविले असा प्रश्न विचारण्याची सवय जरी आपण लावून घेतली, तरी एका दीर्घ ऋणाची फेड सुरू होईल.